गावची टेकडी 'गौण' कशी? खदान, रान आणि आपला मराठवाडा

बालाघाटकर

नमस्कार मंडळी. माझं गाव बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगरपट्ट्यात, सध्या नोकरीमुळं पुण्यात असतो. गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. गायरानातल्या टेकडीवर खदान आणि तिला लागूनच क्रशर टाकायचं चाललंय, ग्रामपंचायतीकडं संमतीचा ठराव मागितलाय. दहा दिवसांवर ग्रामसभा आहे.

आमच्या टेकडीच्या वरच्या अंगाला वनखात्याची हद्द सुरू होते. धावडा, सालई, टेंभुर्णी, पळस, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत सीताफळ. ते कुणीच लावलेलं नाही. दसऱ्याच्या आधी-मागं बायका पहाटे चारला टोपल्या घेऊन निघतात. आईकडं एक काठी होती, टोकाला तारेचा आकडा बसवलेली. फांदी खाली ओढायची, पण फळ लगेच तोडायचं नाही. बॅटरीच्या उजेडात डोळे उघडलेत का बघायचे. दोन डोळ्यांमधली फट पिवळसर दिसली तरच टोपलीत, नाहीतर फांदी परत वर सोडून द्यायची. माझ्या बारावीपर्यंतच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्या टोपलीतून निघालाय. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आईला मी फोनवर ते समजावून सांगत बसलो होतो.

चुलते म्हणतात, होऊ दे खदान. रस्ता होईल, पोरांना काम लागेल. त्यांचं मी तोडून टाकू शकत नाही. अर्धं गाव सहा महिने कोयता घेऊन ऊसतोडीला जातं. अशा गावात 'इथंच काम' हे दोन शब्द फार मोठे असतात.

कायद्यात दगड, मुरूम, वाळू यांना गौण खनिज म्हणतात. हा शब्द ऐकल्यापासून डोक्यातून जात नाही. ज्यांच्या शिवारात खदान आली त्यांनी सांगावं, पुढं काय झालं? आणि आम्ही ग्रामसभेत काय म्हणावं?

काळीमाती

आमचं गाव जालना जिल्ह्यात, समृद्धी महामार्गाच्या पट्ट्यात. 701 किलोमीटरचा रस्ता म्हणल्यावर दगड-मुरूम कुठून तरी निघणारच होता, तो आमच्या आसपासच्या टेकड्यांतून निघाला. महामार्गाला माझा विरोध नाही, मी स्वतः त्यावरून जातो. पण जे झालं ते सांगतो.

क्रशर माझ्या मोसंबीच्या बागेपासून वाऱ्याच्या तोंडाला. पहिल्याच उन्हाळ्यात झाडं राखाडी दिसायला लागली. पानावर अंगठा फिरवला की अंगठ्याएवढी हिरवी रेघ उमटायची, बाकीचं पान सिमेंटच्या गोणीसारखं. आंब्या बहराची फुलं गळाली. तलाठ्याला बोलावलं, त्यांनी पंचनाम्यात 'धुळीमुळे अंशतः नुकसान' असं लिहिलं. त्या 'अंशतः'चे पैसे आजपर्यंत मिळाले नाहीत.

रस्त्याचं म्हणाल तर आमचा गावरस्ता बैलगाडी-ट्रॅक्टरच्या हिशोबानं केलेला. त्यावर पाच-पाच ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) भरलेले हायवा डंपर रात्रंदिवस. एका पावसाळ्यात रस्ता गेला. काम संपलं, मशिनरी गेली, खड्डा राहिला. 'रस्ता होईल' म्हणणाऱ्या काकांना एकदा आमच्याकडं घेऊन या.

गंगथडी

कुंपण घातलंय का त्या खड्ड्याला?

काळीमाती

नाही. पावसाळ्यात तळं होतं. वरून दिसायला उथळ, पण कडा सरळ तुटलेल्या. म्हैस पडली तर वर काढायला जागा नाही. मागच्या वर्षी शेजारच्या गावातला नववीतला पोरगा पोहायला गेला तो आलाच नाही. जास्त लिहवत नाही.

खडीवाला_परभणी

माझे दोन टिप्पर आहेत, म्हणून आधीच सांगून टाकतो, मी दुसऱ्या बाजूचा आहे.

धागा वाचला, मोसंबीचं वाचून वाईट वाटलं. पण एक विचारतो. इथं लिहिणाऱ्या प्रत्येकाचं घर कशाचं आहे? घरकुल योजनेत गावोगाव स्लॅब पडायलेत, त्यात खडी लागतेच ना? शाळेची खोली, दवाखाना, पूल, विहिरीचं बांधकाम, सगळ्याला लागते. खदान नको म्हणलं तर दगड काय आकाशातून येणार? मी पावती घेऊनच माल भरतो, ब्रासला 600 रुपये रॉयल्टी भरलेली असते. गाडीचा हप्ता, दोन ड्रायव्हर, त्यांची घरं त्यावर चालतात. चोरी करणारे आहेत, मान्य. पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका राव.

रानवेडी

खडीवाला दादा, दगड लागतो हे खरंय. पण तो कुठून काढायचा हे ठरवता येतं की नाही?

मराठवाड्यात रान आहेच किती? लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही. जे आहे ते बालाघाटाच्या डोंगरात, अजिंठ्याच्या रांगेत आणि किनवट-माहूरकडं. बाकी सगळं माळरान, आणि माळाला आपण 'पड' म्हणून मोकळे होतो. त्या पडीवर लांडगा, खोकड, काळवीट जगतात, टिटवी-चंडोल अंडी घालतात. सरकारी कागदावर तिथं काहीच नसतं, म्हणून खदानीचा पहिला डोळा तिच्यावर.

आणि ही रानं तुटक असली तरी एकमेकांना जोडलेली आहेत. 2021 च्या मार्चमध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला. तिथं 1940 नंतर वाघाची नोंद नव्हती. 2024 च्या डिसेंबरात टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात आला, साडेचारशे-पाचशे किलोमीटर तोडून. ते अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं. मधलं अंतर तो कशाच्या आधारानं आला? ओढ्याकाठची झाडी, ऊस आणि तुमच्या गावासारख्या टेकड्या. अशी एकेक टेकडी गेली की ती वाट तुटते.

धारूरजवळ अभयारण्य नाही, पण माहिती म्हणून सांगते: अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं 2023 च्या एप्रिलमध्येही हे कायम ठेवलंय. गौताळा, नायगाव, येडशीच्या आसपासच्या लोकांनी लक्षात ठेवावं.

लातूरकर_पाटील

पाचशे किलोमीटर पायी! आमचा बबन्या पंढरीची वारी करून आला तर आठ दिवस खाटेवरून उठला नव्हता. वाघाला एकदा गावात बोलवून हार घालायला पाहिजे.

निवृत्त_मंडळाधिकारी

बालाघाटकर, तीस वर्षं महसुलात काढली, बरीच गौण खनिज प्रकरणं हाताखालून गेली. कामाचं तेवढं सांगतो.

ठराव मागितलाय म्हणजे फाइल अजून तयार व्हायचीय. हीच वेळ असते. नंतर ओरडून उपयोग कमी. सगळ्यात आधी त्या गटाचा सातबारा आणि गट नकाशाची नक्कल काढा. वनखात्याकडून कक्षाचा, म्हणजे वनाच्या नंबर दिलेल्या तुकड्याचा, नकाशा घ्या आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून बघा. डोंगरपट्ट्यात महसूल आणि वन यांच्या हद्दीत घोळ असतो, आणि खदानीचा चौकोन नेमका त्या घोळात आखलेला असतो. वनजमीन निघाली तर 1980 च्या वन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन निकालानं नोंद कुणाच्याही नावावर असो, कागदोपत्री 'वन' लिहिलेली जमीन वनच धरली जाते.

दुसरं, क्षेत्र छोटं आहे म्हणून पर्यावरण मंजुरी लागत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. 2012 साली दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरच्या आतल्या पट्ट्यांनाही ती बंधनकारक केली. खदानीची परवानगी वेगळी, क्रशरला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती वेगळी. दोन्ही कागद मागा. मंजुरीच्या अटी वाचा: पाणी मारणं, झाडांचा पट्टा, ब्लास्टिंगची वेळ, शेवटी खड्ड्याचं काय करणार. या अटी कागदावर चांगल्या असतात. त्या गावात कुणी वाचत नाही, हे आमच्या वेळी मी रोज बघायचो.

तिसरं, अवैध उत्खनन सिद्ध झालं तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. त्यासाठी ईटीएस मोजणी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक यंत्रानं केलेली मोजणी, लागते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी तक्रारीचं काही खरं नसतं.

ठरावात नुसतं 'विरोध' असा एक शब्द लिहू नका. कारणं लिहा. पाणी, गुरं, फळं, शाळेचं अंतर. एक-एक.

गोदाकाठ

मंडळाधिकारी साहेबांनी फार मोलाचं सांगितलं.

मी गंगाखेडकडचा. आमच्याकडं डोंगर नाही, नदी गेली. लहानपणी गोदावरीच्या वाळूत हातभर खड्डा केला की झिरा लागायचा, आजी वाटीनं पाणी भरायची. वाळू म्हणजे नदीची साठवणूकच. ती उपसल्यावर आता तळाला काळी माती आणि खडक, पाणी आलं की निघून जातं. काठच्या विहिरी जानेवारीत तळाला टेकायलेत. पुलाचे खांब पायापर्यंत उघडे पडलेत. आणि रात्रीचे ट्रॅक्टर अडवायला कुणी जात नाही, जाणाऱ्याचं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे.

पण या धाग्यावर लिहायचं कारण वेगळं. नदी वाचावी म्हणून सरकारनं 2025 मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण आणलं. क्रशरवर दगड भरडून केलेल्या वाळूला 600 ऐवजी 200 रुपये रॉयल्टी. मला आनंद झाला होता. बालाघाटकरांचा धागा वाचला आणि लक्षात आलं की आमची नदी वाचायची तर त्यांची टेकडी जायची. तुमच्या गावात खदानीबरोबर क्रशर मागायलेत, त्याचं कारण हेच असणार.

बालाघाटकर

गोदाकाठ, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अर्जात खडी आणि 'क्रश सँड' दोन्ही लिहिलंय, आत्ताच भावाला विचारलं.

विहीरवाली

मी भूजलाच्या कामात आहे, त्यामुळं पाण्याबद्दल लिहिते.

आपला खडक बेसॉल्ट, काळा पाषाण. अखंड पाषाणात पाणी साठत नाही. पाणी राहतं ते तीन ठिकाणी: वरच्या कुजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगा-सांध्यांत आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात. टेकडीवर पडलेला पाऊस झाडांच्या मुळाशी थांबतो, मुरमात उतरतो आणि भेगांतून हळूहळू पायथ्याच्या विहिरीत येतो. खदानवाले सगळ्यात आधी काय काढतात? झाडं, मग माती, मग मुरूम. म्हणजे पाणी धरणारा भागच पहिल्यांदा जातो.

पुढं खड्डा भूजल पातळीच्या खाली गेला की त्यात पाणी भरतं. दगड काढायचा तर ते पंपानं उपसून ओढ्यात सोडतात. ते पाणी आजूबाजूच्या विहिरींचंच असतं. सुरुंगानं विहीर आटते की नाही यावर लोक भांडत बसतात. हादऱ्यानं काठाची कड ढासळते, भेगांची वाट बदलू शकते, पण प्रत्येक आटलेल्या विहिरीचं खापर सुरुंगावर फोडता येणार नाही. 2015-16 ला दुष्काळानंच सगळं आटलं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर. म्हणून आत्ताच, खदान यायच्या आधी, टेकडीखालच्या सगळ्या विहिरींची पातळी मोजून तारखेसह लिहून ठेवा. दोरीला दगड बांधून मोजली तरी चालेल, पण फोटो काढा. आधीची नोंद नसेल तर नंतर काहीच सिद्ध होत नाही.

हातोडा

मी वडार समाजाचा आहे. आमच्यात माती वडार, गाडी वडार, जाते वडार. आम्ही गाडी वडार, दगडाचेच. आजानं छिन्नी-घणावर अर्ध्या मराठवाड्याच्या विहिरी फोडल्यात. आजा दगडाला कानानं ओळखायचा. घणाचा पहिला ठोका हलका मारायचा, आवाज भरीव आला तर जागा बदलायचा, किणकिणला तर तिथंच छिन्नी लावायचा. दगड रेषेत उलायचा.

बालाघाटकर, तुमचे चुलते कामाचं म्हणतात म्हणून सांगतो. आता पोकलेन आहे, कॉम्प्रेसर आहे, क्रशरला बटन आहे. ऑपरेटर बाहेरून येतात. गावातल्या पोरांना राखण आणि पाणी मारायचं काम लागतं, तेही चार-सहा जणांना. आमची माणसं अजून सुरुंगाची भोकं पाडायला आणि डबर भरायला असतात, खदानीच्या कडेला पत्र्याच्या खोलीत. पोरांची शाळा तुटते. सुरुंगानं कुणी गेलं तर बातमीत 'एक मजूर' एवढंच येतं.

खदान बंद करा म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही. फक्त बोलताना आमचं पोटही त्यात आहे हे ध्यानात ठेवा. आणि खदान आली तर धुळीचा मुखवटा, विमा, सुरुंगाचा परवानाधारक माणूस, हे सगळं लेखी मागा. आमच्यासाठी.

रानवेडी

दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आजोबांचं अजून लिहा कधीतरी.

डॉक्टर_अंबाजोगाई

धुळीबद्दल एक दुरुस्ती करतो, कारण दर वेळी 'सिलिकोसिस (दगडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार) होणार' अशी एकच ओळ फिरते. बेसॉल्टमध्ये मोकळी सिलिका ग्रॅनाइट किंवा वालुकाश्मापेक्षा बरीच कमी असते. म्हणून धूळ निरुपद्रवी होते का? मुळीच नाही. बारीक कण कुठल्याही दगडाचे असोत, फुप्फुसात खोल जातात. ओपीडीत क्रशरजवळच्या वस्तीतली दम्याची लेकरं, वर्षभर खोकणाऱ्या म्हाताऱ्या दिसतातच. क्रशरवर झाकण, पाण्याचा फवारा आणि वाऱ्याकडच्या बाजूला पत्र्याची भिंत असेल तर धूळ खूप कमी होते. पण फवाऱ्याला पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात टँकर प्यायलाच पुरत नाही. मग फवारा बंद. ग्रामसभेत एवढंच विचारा: मे महिन्यात फवाऱ्याचं पाणी कुठून आणणार?

सुगरण_परळी

विषय गंभीर आहे, पण सीताफळ निघालं म्हणून राहवेना. डोंगरी सीताफळाचा गर बागेतल्यापेक्षा रवाळ आणि वास वेगळाच. दूध आटवून गार झाल्यावरच गर घालायचा, गरम दुधात घातला की कडवटपणा येतो. आणि बिया वाटून डोक्याला लावायची जुनी सवय असेल त्यांनी डोळे सांभाळा, फार आग होते.

लातूरकर_पाटील

ताई, आता दिवाळीपर्यंत थांबायला लावलंत.

किनवटकर

आमच्याकडची गोष्ट थोडी वेगळी, म्हणून सांगतो. किनवट अनुसूचित क्षेत्रात येतं. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, त्यामुळं गौण खनिजाच्या पट्ट्याला ग्रामसभेची शिफारस आधी लागते, आणि जोडीला 2006 चा वनहक्क कायदाही आहे. माझ्या पोडापासून, म्हणजे कोलाम वस्तीपासून, पैनगंगा ओलांडली की यवतमाळ, पुढं वणीच्या कोळशाच्या खाणी. मामा तिकडं असतो. मातीचे ढीग टेकड्यांपेक्षा उंच झालेत आणि त्यावर बाभळी उगवल्यात, वाघ त्यात बसतो आणि सकाळी कामावर जाणाऱ्याला दिसतो. तिथं मोठी खाण आहे, म्हणून निदान चर्चा होते, पुनर्वसनाचा कागद निघतो, खाणबाधित गावांसाठीचा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी येतो. आपल्याकडं दोन-चार हेक्टरच्या खदानी, गावागावात एक-एक. एकेकट्या बघितल्या तर काहीच नाही वाटत.

आमच्या कोलाम लोकांत म्हातारे टेकडीवर कुऱ्हाड नेण्याआधी तिच्याशी बोलतात. आमच्या ग्रामसभेत एका आजीनं एवढंच विचारलं, मोह फुलल्यावर आम्ही वेचायला कुठं जायचं? साहेबांनी वहीत उत्तर लिहिलं नाही. आम्ही प्रश्नच ठरावात लिहून घेतला.

बालाघाटकर, तुमच्याकडं पेसा नाही, पण प्रश्न तसाच लिहून घ्या.

खडीवाला_परभणी

दोन दिवस वाचत होतो. एक मान्य करतो. माझ्या माहितीतल्या निम्म्याअधिक खदानी पूर्ण खोलीपर्यंत काढलेल्याच नाहीत. वरचा सोपा दगड काढायचा, खाली कठीण लागला किंवा पाणी लागलं की नवी टेकडी. नवीन पट्टा मिळतोय तोवर जुन्यात खर्च कोण करणार? आधी तालुक्यातल्या जुन्या खदानी मोजा, त्यात किती माल शिल्लक आहे ते बघा, मग नवीन द्या, असं कुणी म्हणलं तर माझ्यासारख्याचा धंदा बुडत नाही. गाडीला फक्त दहा किलोमीटर जास्त पडतील. हे तुमच्या ठरावात घाला, माझी हरकत नाही.

निवृत्त_मंडळाधिकारी

हा मुद्दा सोन्यासारखा आहे. घालाच.

बालाघाटकर

उशीर झाला, माफ करा. गावी जाऊन आलो. ग्रामसभा काल झाली.

आदल्या दिवशी आईबरोबर टेकडीवर गेलो. ती पुढं, मी मागं, पन्नाशीच्या गुडघ्यांनी. माथ्याच्या थोडं खाली एका सीताफळीच्या बुंध्याला लाल रंगाचा पट्टा मारलेला दिसला, पुढं दगडावर बाण. मोजणी करून गेलेत. आईनं पदरानं तो रंग पुसून बघितला, निघाला नाही. टेकडीखालच्या अकरा विहिरी दोरीनं मोजल्या, प्रत्येकीचा फोटो काढला. सगळ्यात खोल भरली ती शाळेमागची, सगळ्यात वर पाणी आमच्या चुलत्यांच्या विहिरीत. तेव्हा चुलते पहिल्यांदा गप्प झाले.

सभेला दोनशेच्या वर माणसं, त्यात निम्म्या बाया, असं मी कधी बघितलं नव्हतं. डॉक्टरांचा फवाऱ्याचा प्रश्न आमच्या शेजारच्या वहिनींनी विचारला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, बोअर घेऊ. मागून कुणीतरी विचारलं, कुणाच्या पाण्यात? जुन्या खदानी मोजायचा मुद्दा ठरावात घेतला. हातोडा भाऊ, मजुरांचा विमा आणि मुखवट्याचंही लिहिलं. किनवटकर, आईनं तुमच्या आजीसारखाच प्रश्न केला, सीताफळाचा. तोही जसाच्या तसा लिहिलाय.

खदानीच्या संमतीचा ठराव नाकारला गेलेला नाही. तहकूब झालाय, एक महिन्यासाठी. पोरांपैकी दहा-बारा जण नाराज आहेत, काम जाईल म्हणून. त्यांच्याशी मला नीट बोलता आलं नाही, शब्दच सापडले नाहीत. त्यातला एक तर माझ्या वर्गमित्राचा मुलगा, या वर्षी पहिल्यांदा ऊसतोडीला जाणार आहे.

गट नकाशाची नक्कल सोमवारी मिळेल. साहेब, वनखात्याचा कक्ष क्रमांक जागेवर कुठं बघायला मिळतो, तेवढं सांगा.

निवृत्त_मंडळाधिकारी

हद्दीवर दगड रचून केलेले बुरूज असतात, चुना मारलेले. त्यावर नंबर लिहिलेला असतो, पुसट झाला असेल तर ओला फडका फिरवून बघा. आईंना विचारा. गुरं वळलेल्या माणसाला बुरूज कुठं आहे ते बरोबर माहीत असतं.